बाळाचा खुबा आणि वयाबरोबर वाढणारं ऑपरेशन

बडोद्यातल्या मराठी घरांत बाळाची आंघोळ अजूनही आजीच्या नाहीतर न्हाऊ घालणाऱ्या बाईंच्या हातात असते. पाय लांब करून त्यावर बाळाला पालथं घ्यायचं, तेल जिरवायचं, डाळीचं पीठ आणि साय लावायची, तांब्यामागून तांब्या ओतायचा, धुरी द्यायची आणि शेवटी दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपवायचं. या सोहळ्यात हाडांच्या डॉक्टरांची तक्रार असते ती प्रामुख्यानं शेवटच्या पायरीबद्दल. हलक्या हाताच्या मालिशीनं काही बिघडत नाही. पण दोन्ही पाय ओढून सरळ करणं आणि गुडघ्याला गुडघा जुळवून दुपटं करकचून आवळणं नवजात बाळाच्या खुब्याला मानवत नाही. ‘पाय वाकडे राहतील’ ही भीती त्यामागे असते. ती निराधार आहे. त्या वयात पाय पोटाशी दुमडलेले आणि बाहेर फाकलेलेच असायला हवेत, कारण खुब्याचा गोळा वाटीत नीट बसतो तो त्याच स्थितीत.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल, आणि कमरेच्या हाडात त्याच्यासाठी खोलगट वाटी. जन्माच्या वेळी ही वाटी उथळ असते, तिचा बराच भाग हाडाचा नसून कूर्चेचा असतो. ती खोल होते ती आत बसलेल्या गोळ्यामुळे. मोदकाची पारी आतून बोट फिरवल्याशिवाय वळत नाही, तशी ही वाटी गोळ्याशिवाय घडत नाही. गोळा बाहेर राहिला तर वाटी सपाट राहते, तिच्यात चरबी आणि तंतू भरतात, आणि बाहेर पडलेला गोळाही आपला गोलपणा हरवतो. या साऱ्या बिघाडाला ‘डेव्हलपमेंटल डिसप्लेशिया ऑफ द हिप’ म्हणतात. डॉक्टर आणि पालक दोघेही त्याला नुसतं डीडीएच म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्यात सगळे प्रकार आले: नुसती उथळ वाटी, आतबाहेर होणारा ढिला गोळा, आणि पूर्ण निसटून वर सरकलेला गोळा.

मुलींमध्ये हा दोष मुलांपेक्षा कितीतरी पट जास्त दिसतो. पहिलं बाळ, पोटात पायाळू असलेलं बाळ, गर्भजल कमी असताना वाढलेलं बाळ, आणि आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हाच त्रास असलेलं बाळ, यांच्यात धोका अधिक. डावा खुबा उजव्यापेक्षा जास्त सापडतो, कारण पोटातल्या नेहमीच्या स्थितीत बाळाची डावी मांडी आईच्या कण्याला टेकलेली असते आणि तिला बाहेर फाकायला जागा मिळत नाही. पायाळू मुलगी जन्मली आणि सिझेरियन सुखरूप पार पडलं, की घरचे सगळे सुटकेचा श्वास सोडतात. खुब्याच्या दृष्टीनं मात्र तेव्हाच तपासणी सुरू व्हायला हवी.

ही तपासणी हातांनी होते, तीही मिनिटभरात. बाळाला उताणं झोपवायचं, ते शांत हवं, रडत असेल तर स्नायू ताठ होतात आणि काही कळत नाही. डॉक्टर बाळाचा गुडघा तळहातात धरतात, अंगठा मांडीच्या आतल्या बाजूला आणि मधलं बोट बाहेरच्या उंचवट्यावर. मांडी मध्याकडे आणून हलकेच मागे दाबली आणि गोळा वाटीच्या काठावरून बाहेर गेला, तर ती बार्लोची खूण. मांडी बाहेर फाकवताना बोटानं उंचवटा पुढे ढकलला आणि निसटलेला गोळा आत सरकला, तर ती ऑर्टोलानीची. मारिनो ऑर्टोलानी हे इटलीतले बालरोगतज्ज्ञ. त्यांनी आपलं निरीक्षण १९३७ साली मांडलं. इंग्लंडचे टी. जी. बार्लो यांनी १९६२ साली ढिल्या खुब्यांची मोजदाद प्रसिद्ध केली. साधारण ६० बाळांमागे एकाचा खुबा ढिला सापडला, पण त्यांतल्या निम्म्याहून अधिक बाळांचे खुबे पहिल्या आठवड्यातच आणि ८८ टक्के बाळांचे दोन महिन्यांत आपोआप घट्ट झाले. म्हणूनच पहिल्या दिवशी खुबा ढिला लागला तर घाबरायचं नाही, आणि तारीख विसरायचीही नाही. सहाव्या आठवड्याला सोनोग्राफी करून पक्कं करायचं. या वयात एक्स-रे निरुपयोगी, कारण गोळ्यातलं हाड चार ते सहा महिन्यांनी दिसू लागतं. ऑस्ट्रियाचे राइनहार्ड ग्राफ यांनी १९८०च्या सुमारास बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी रूढ केली ती याच अडचणीपोटी.

दुपट्याचा मुद्दा मी उगाच आधी घेतला नाही. जपानमध्ये बाळाचे पाय सरळ ठेवून गुंडाळण्याची रीत होती, आणि तिथे दर शंभर बाळांमागे एक ते तीन बाळांचा खुबा निसटलेला सापडत असे. १९७०च्या दशकात क्योटोच्या डॉक्टरांनी आज्या आणि आया यांच्यापर्यंत पोहोचणारी मोहीम काढली: बाळाचे पाय मोकळे ठेवा. प्रमाण हजारात दोनच्या आसपास उतरलं. औषध नाही, यंत्र नाही, फक्त कापड सैल. उत्तर अमेरिकेतल्या ज्या आदिवासी जमाती बाळाला फळीला पाय सरळ बांधून पाठीवर नेत, त्यांच्यात हा दोष भरपूर होता, आणि आफ्रिकेत जिथे बाळ आईच्या पाठीला पाय फाकवून बांधलेलं असतं तिथे तो क्वचित दिसतो. आपल्याकडे मान धरू लागल्यावर बाळ कडेवर येतं. आईच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेलं मूल पाहिलं, तर खुब्याचा डॉक्टर खूश होईल अशीच ती बैठक आहे. तेव्हा परंपरा वाईट की चांगली, असला वाद इथे फिजूल. त्याच घरातलं दुपटं खुब्याला नडतं आणि कड त्याला सावरते. दुपटं गुंडाळायचंच असेल तर छातीशी घट्ट आणि कमरेखाली ढगळ, एवढा बदल पुरे. आजीला हे सांगताना आवाज चढवायची गरज नसते. ‘आजी, पाय मोकळे राहू देत, खुबा नीट बसेल,’ असं म्हटलं की बहुतेक आज्या ऐकतात. त्यांना कारण हवं असतं.

आता मूल चालू लागल्यावर काय दिसतं ते पाहू, कारण आपल्याकडे बहुतेकदा दोष तेव्हाच लक्षात येतो. मूल एका बाजूला झुकत चालतं, एक पाय थोडा आखूड वाटतो, त्या पायाची टाच टेकत नाही. दोन्ही खुबे निसटले असतील तर लंगडणं दिसत नाही, पोरगी कंबर मागे काढून डुलत चालते आणि घरच्यांना ते कौतुकाचं वाटतं. दुखत काहीच नाही. ‘आमच्याकडे पोरं उशिराच चालतात’ हे वाक्य प्रत्येक घरात तयार असतं, पण डीडीएच असलेली मुलं फार उशिरा चालत नाहीत, थोड्याफार फरकानं वेळेवरच चालतात. म्हणून चालायला उशीर झाला नाही यावर निर्धास्त राहू नये. चाल कशी आहे ते बघावं. एका पायावर उभं राहताना खुब्याच्या बाहेरचे स्नायू कंबर तोलून धरतात. गोळा जागेवर नसेल तर त्यांना टेकूच मिळत नाही आणि उचललेल्या पायाच्या बाजूची कंबर खाली पडते. फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ साली वर्णन केलेली ही खूण घरातल्या घरात दिसू शकते. लंगोट बदलताना दुसरी एक खूण दिसते: मूल उताणं, दोन्ही गुडघे दुमडलेले, पावलं शेजारी शेजारी, आणि एक गुडघा दुसऱ्यापेक्षा बुटका. किंवा एक मांडी दुसरीइतकी बाहेर फाकत नाही, त्या बाजूला लंगोट नीट बसत नाही. मांडीवरच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या नसणं एवढ्यावरून मात्र काही ठरत नाही. निरोगी बाळांतही त्या कमीजास्त असतात.

बडोद्याचं सयाजीराव जनरल हॉस्पिटल, गावात सगळे ज्याला एसएसजी म्हणतात, ते १९४९ साली सुरू झालेल्या बडोदा मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे. तिथे शहरातल्या रुग्णांबरोबर छोटा उदेपूर, पंचमहाल, दाहोद या आदिवासी पट्ट्यातूनही लोक येतात. गावोगावची तपासणी ज्या ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’तून व्हायला हवी, त्याची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रात पालघरला झाली. जन्मजात दोषांच्या त्याच्या यादीत टाळू फाटणं, वाकडं पाऊल, जन्मजात मोतीबिंदू यांच्याबरोबर डीडीएचही आहे. आशाताई घरी येऊन नवजात बाळ पाहतात, पुढे अंगणवाडीत फिरतं पथक येतं, आणि दोष सापडला तर जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवायचं, अशी योजना. कागदावर ती चोख आहे. पण फाटलेली टाळू आणि वाकडं पाऊल डोळ्यांना दिसतं, निसटलेला खुबा कातडीखाली लपलेला असतो आणि तो बघायला सरावलेला हात लागतो. माझ्या मते सगळ्यात सोपी जागा लसीकरणाची आहे. सहा, दहा, चौदा आठवडे, नऊ महिने, मग दीड वर्षाच्या आसपासचा डोस: मूल दवाखान्यात येतंच, कपडे सैल केलेले असतातच. सुई टोचण्याआधी मांड्या फाकवून बघायला अर्धं मिनिट लागतं. आपण आईनं किंवा आजीनं स्वतः म्हणावं, ‘डॉक्टर, जरा खुबेही बघता का?’ यात डॉक्टरांचा अपमान नाही.

या अर्ध्या मिनिटाची किंमत कळायची असेल तर ऑपरेशनांकडे वळावं लागतं, कारण डीडीएचमध्ये कोणतं ऑपरेशन करायचं ते बऱ्याच अंशी मुलाचं वय ठरवतं.

सहा महिन्यांच्या आत सापडला, तर ऑपरेशन नाही. पाव्लिक हार्नेस नावाचे पट्टे असतात, चेक डॉक्टर आर्नोल्ड पाव्लिक यांनी काढलेले. खांद्यावरून येणारे मऊ पट्टे पावलांना धरून गुडघे दुमडलेले ठेवतात, मांड्या आपल्या वजनानं फाकतात, आणि बाळ लाथा मारत राहतं. काही आठवडे जवळजवळ दिवसरात्र घालायचे. वेळेत लावले तर बहुतेक खुबे यातच बसतात. एक इशारा: तीन-चार आठवड्यांत गोळा आत बसला नाही, तर पट्टे चालू ठेवणं हानिकारक, कारण वाटीबाहेर दाबून धरलेला गोळा वाटीची मागची कड झिजवतो. दोन पट्ट्या घट्ट करून ‘अजून एक महिना बघू’ असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं.

सहा महिन्यांनंतर मूल इतकं उड्या मारायला लागतं की पट्टे टिकत नाहीत. मग भूल देऊन गोळा हातानं आत बसवतात. मांडीच्या आतला आवळलेला स्नायू बारीक छेदातून सैल करतात, सांध्यात रंगद्रव्य सोडून एक्स-रेवर बघतात की गोळा वाटीच्या तळाशी टेकलाय की मध्ये काही अडकलंय, आणि नीट बसला असेल तर छातीपासून पायापर्यंत प्लास्टर घालतात. त्याला हिप स्पायका म्हणतात, आणि ते साधारण तीन महिने असतं, मध्ये एकदा बदलतात.

हा बंद उपाय ज्यांच्यामुळे गाजला ते व्हिएन्नाचे आडोल्फ लोरेन्झ. कार्बोलिक ॲसिडची त्यांच्या कातडीला ॲलर्जी होती, आणि त्या काळी त्याच्याशिवाय शस्त्रक्रिया शक्य नव्हती, म्हणून ते चाकू बाजूला ठेवून हातांवर आले. १९०२ साली शिकागोतल्या मांस व्यापारातल्या अतिश्रीमंत आर्मर घराण्याच्या मुलीचा खुबा बसवायला त्यांना खास बोलावलं गेलं. तो दौरा वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतला, आणि लोरेन्झांनी ठिकठिकाणी गरीब मुलांवरही उपचार करून दाखवले. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी पुढे नोबेल मिळवणारे कोनराड लोरेन्झ हे त्यांचे चिरंजीव. पण त्यांच्या पद्धतीत मांड्या पूर्ण आडव्या फाकवून प्लास्टर घालत, आणि त्यात अनेक मुलांच्या गोळ्याचा रक्तपुरवठा दाबला जाऊन गोळाच मरत असे. आज मांड्या तितक्या फाकवत नाहीत. गुडघे वर, मांड्या थोड्या बाहेर, एवढंच. गोळ्याचं रक्त एका नाजूक रक्तवाहिनीवर अवलंबून असतं आणि खुब्यावरच्या प्रत्येक उपचारात, बंद असो वा उघडा, तिला धक्का लागण्याचा धोका राहतो. सर्जनला आधी हाच प्रश्न विचारावा: रक्तपुरवठा बिघडण्याची शक्यता किती, आणि झालं तर पुढे काय करतात? प्रामाणिक सर्जन याचं उत्तर टाळत नाही.

गोळा हातानं बसतच नसेल तर उघडं ऑपरेशन. आत काय अडतं ते सर्जन बघतात: वाटीत साचलेली चरबी, लांबलेला गोल अस्थिबंध, वाटीच्या खालच्या तोंडाशी आडवा ताणलेला बंध, आणि बाहेरून येणारा स्नायूचा कंडरा ज्यानं सांध्याची पिशवी मधोमध आवळून अरुंद केलेली असते. हे एकेक काढून वाट मोकळी केल्याशिवाय गोळा तळाला पोहोचत नाही. लहान बाळांत हे जांघेच्या आतल्या बाजूनेही करता येतं. तो छेद छोटा, पण त्यातून सैल झालेली पिशवी घट्ट शिवता येत नाही आणि ती नाजूक रक्तवाहिनी वाटेतच असते. दीड वर्षाच्या पुढे बहुतेक सर्जन समोरून जातात. जांघेच्या सुरकुतीशेजारून घेतलेला हा छेद पुढे फारसा दिसत नाही, आणि त्यातून पिशवी शिवून घट्ट करता येते, शिवाय त्याच वाटेनं वाटीचं हाडही गाठता येतं.

हाडाला हात लावायची वेळ दीड वर्षानंतर येते. मूल तोपर्यंत चालत असतं, वाटीचं छप्पर तिरकं झालेलं असतं. नुसता गोळा आत ठेवला तर तो पुन्हा वर सरकेल. टोरोंटोच्या बालरुग्णालयात रॉबर्ट सॉल्टर यांनी १९५७ साली पहिल्यांदा केलेलं आणि १९६१ साली प्रसिद्ध केलेलं ऑपरेशन इथे कामाला येतं. कमरेचं हाड वाटीच्या वर आडवं कापायचं, तारेच्या करवतीनं. खालचा तुकडा, वाटीसकट, पुढच्या जघनसंधीवर, म्हणजे कमरेची दोन्ही हाडं पुढे जुळतात त्या सांध्यावर, फिरवून पुढे आणि बाहेर ओढायचा, आणि वरच्या हाडातूनच काढलेला त्रिकोणी तुकडा फटीत बसवून दोन-तीन बारीक तारांनी अडकवायचा. वाटीचा आकार बदलत नाही, दिशा बदलते. लहान मुलात हे जमतं कारण पुढची संधी अजून लवचीक असते. काही सर्जन त्याऐवजी पेंबर्टन किंवा डेगा यांच्या नावाची ऑपरेशनं करतात. त्यात हाड पूर्ण कापत नाहीत, अर्धं कापून छप्पर खाली वाकवतात, त्यामुळे वाटीचा घेर लहान होतो. सैल, मोठ्या वाटीला ते बरं पडतं. कोणतं करायचं याबद्दल पालकांनी अडून बसू नये. ज्या सर्जनचा हात ज्यावर बसलाय ते त्यानं करावं, इतकं माझं मत आहे. आग्रह धरायचा तो या गोष्टीचा, की सर्जन मुलांच्याच हाडांचा असावा आणि असली ऑपरेशनं वर्षभर करत असावा.

दोन-तीन वर्षांच्या पुढे आणखी एक भर पडते. गोळा इतका वर सरकलेला असतो की खाली ओढून वाटीत बसवला तर स्नायू त्याला दाबून मारून टाकतील. पूर्वी यासाठी मुलाला कित्येक आठवडे वजन लावून ताणत ठेवत. १९७६ साली बेलग्रेडच्या क्लिसिच यांनी दाखवलं की मांडीचं हाडच थोडं कापून आखूड करावं, म्हणजे ताण जातो. पट्टी आणि स्क्रू लावून टोकं जोडायची. पाय आखूड होईल या काळजीनं पालकांच्या तोंडचं पाणी पळतं, पण वर सरकलेला पाय आधीच आखूड असतो, गोळा जागेवर आल्यावर तो फरक भरून निघतो, आणि कापलेलं हाड पुढे थोडं जास्त वेगानं वाढतं. आपल्याकडे मुलं उशिरा येतात, म्हणून भारतातल्या सर्जनना हे तिन्ही एका बैठकीत करावं लागतं: सांधा उघडणं, मांडी आखूड करणं, वाटी वळवणं. जे काम सहा आठवड्यांत पट्ट्यांनी झालं असतं त्याला आता काही तास, रक्ताची तयारी, स्क्रू, तारा आणि त्या काढण्यासाठी पुढे पुन्हा एक भूल. खर्चाची बाजू सरकारी योजनांत बरीचशी बसते. गुजरातेत आयुष्मान कार्ड, महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजना, पण रुग्णालय त्या योजनेत या ऑपरेशनासाठी नोंदलेलं आहे का ते आधी विचारावं.

ऑपरेशनपेक्षा प्लास्टरचे दिवस घरच्यांना जड जातात. छातीपासून, दोन्ही पाय फाकवलेले, मध्ये आडवी दांडी. ही दांडी धरून मूल उचलायचं नाही, ती प्लास्टर मजबूत राहावं म्हणून असते, उचलण्यासाठी नाही. स्कूटरवर ते बसत नाही, बडोद्याच्या रिक्षातही पाय दारातून आडवे करून घ्यावे लागतात, म्हणून डिस्चार्जच्या दिवशी मोठ्या गाडीची सोय करावी. लंगोटासाठी उघडी ठेवलेली जागा छोटी असते. लहान आकाराचा डायपर प्लास्टरच्या कडेखाली आत खोचायचा आणि वरून मोठा लावायचा. डोकं पायांपेक्षा थोडं उंच ठेवलं की लघवी मागे पाठीकडे जाण्याऐवजी खाली उतरते. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, दिवसा काही वेळ पालथं ठेवायचं. पोट प्लास्टरनं बांधलेलं असतं, म्हणून एकदम पोटभर जेवण न देता थोडं थोडं. बद्धकोष्ठ होतं, म्हणून पाणी, फळं. बडोद्याच्या मे महिन्यात आत घामानं खाज सुटते. तेव्हा विणायची सुई, पट्टी, पावडर यातलं काहीही आत घालू नये. थंड हवेचा झोत पुरतो. आणि सकाळ-संध्याकाळ पायांची बोटं बघायची: गार पडलीत का, निळी झालीत का, हलतात का. दुर्गंध, ताप किंवा एकाच जागी सारखं रडणं असेल तर फोन करायचा, उद्यावर ढकलायचं नाही. प्लास्टर निघाल्यावर कातडी कोरडी, पाय काडीसारखे आणि सांधे ताठ असतात. पालकांना वाटतं आता व्यायाम करून ओढून काढावेत. मुळीच नाही. मूल स्वतःच हळूहळू हालचाल वाढवतं. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना त्या दिवसांत पायाला हात लावू देऊ नये.

ऑपरेशननंतर काय बघायचं ते एक्स-रेवर पालकांनाही दिसू शकतं. मांडीच्या हाडाच्या मानेची खालची कड आणि कमरेच्या हाडातल्या भोकाची वरची कड, या दोन्ही मिळून एक अखंड कमान व्हायला हवी. शेंटनची रेषा म्हणतात तिला. गोळा सरकला की ती मध्येच तुटते. दरवर्षी नाही तरी ठरलेल्या अंतरानं हा एक्स-रे काढायचा, हाडांची वाढ संपेपर्यंत, म्हणजे चौदा-सोळा वर्षांचं होईपर्यंत. पाच वर्षांनी मूल धावतंय म्हणून फाइल कपाटात टाकणारे बरेच आहेत, आणि उथळ राहिलेली वाटी वयात येताना पुन्हा डोकं वर काढते.

तसं झालं तर उपाय वेगळे. सात-आठ वर्षांनंतर जघनसंधी ताठ होते आणि सॉल्टरचं ऑपरेशन पुरत नाही. मग कमरेचं हाड तीन ठिकाणी कापून वाटी वळवतात. हाडांची वाढ थांबल्यावर, म्हणजे तरुण वयात, स्वित्झर्लंडच्या बर्नमधले राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडलेलं ऑपरेशन करतात. त्यात वाटी आसपासच्या हाडापासून सोडवून हवी तशी फिरवतात, पण कमरेच्या कड्याचा मागचा खांब शाबूत ठेवतात, म्हणून लवकर उभं राहता येतं. या दोन्हींत गोळा जागेवरच हवा, गोल हवा. गोळा बसवताच येत नसेल तर वर हाडाचं छप्पर बांधून टेकू देणारी जुनी ऑपरेशनं आहेत. त्यांनी दुखणं काही वर्षं लांबणीवर पडतं.

आणि मग एक वय असं येतं, जिथे सर्जनचा सल्ला ऑपरेशन न करण्याचा असतो. एका बाजूचा खुबा असेल तर साधारण आठ वर्षांपर्यंत प्रयत्न करतात. दोन्ही बाजूंचे असतील तर मर्यादा त्याहून अलीकडची, सहाच्या आसपास, आणि त्यावर सर्जनांत अजून मतभेद आहेत. दहा वर्षांची मुलगी, दोन्ही खुबे वर सरकलेले, डुलत चालते, पण दुखत नाही आणि दोन्ही पाय सारख्याच लांबीचे. तिला ऑपरेशनाच्या टेबलावर घेतलं तर दोन मोठ्या शस्त्रक्रिया, ताठ सांधे आणि गोळ्याचा रक्तपुरवठा जाण्याचा मोठा धोका, आणि एक बाजू बिघडली तर आजवरचा समतोलही जातो. ती आहे तशी चालत राहिली तर कित्येकदा तिशी-चाळिशीपर्यंत दुखण्याशिवाय काढते, आणि मग कृत्रिम खुबा बसवतात. दुसऱ्या मोठ्या शहरात दुसरं मत घ्यायला हरकत नाही, घ्यावंच. तिथेही ‘काही करू नका’ असंच सांगितलं, तर तो उपचाराचाच निर्णय असतो. त्यात मुलीचं वजन आटोक्यात ठेवणं, पोहणं आणि सायकल चालू ठेवणं, वर्षा-दोन वर्षांनी एक्स-रे काढणं आणि शाळेत तिला खेळातून वगळू नये म्हणून शिक्षकांना चिठ्ठी देणं, एवढं येतं.